जॉर्ज व्हेझिना: बर्फावरच्या हॉकीतल्या जुन्या गोलकीपरबद्दल नेहमी येणारे प्रश्न

एनएचएल, म्हणजे उत्तर अमेरिकेतली बर्फावरच्या हॉकीची सगळ्यात मोठी लीग, तिचे अवॉर्ड जाहीर झाले की दरवर्षी हे मेसेज येतात, त्यात कॅनडात राहणारे आपले आईबाबा जास्त, कारण पोरं शाळेतून हॉकीचं काहीतरी ऐकून येतात आणि घरी विचारतात. तेच तेच प्रश्न होते म्हणून एका जागी लिहून काढले. सुरुवातीचे प्रश्न सोपे आहेत, पुढे पुढे जरा खोलात शिरलोय, आणि एकच गोष्ट दोनदा नको म्हणून जिथे लागेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. व्हेझिना ही ट्रॉफी आहे ना? की माणूस होता?

आधी माणूस, मग ट्रॉफी. जॉर्ज व्हेझिना, जन्म २१ जानेवारी १८८७, गाव शिकूटिमी, कॅनडातल्या क्युबेक प्रांतात. १९१० ते १९२५ मॉन्ट्रियल कॅनेडियन्स या एकाच टीमचा गोलकीपर, ज्याला तिकडे सगळे गोलीच म्हणतात. आधी एनएचए नावाच्या लीगमध्ये खेळला, १९१७ मध्ये ती मोडून एनएचएल निघाली तेव्हा तिच्यात. २७ मार्च १९२६ ला वयाच्या ३९ व्या वर्षी टीबीने गेला आणि पुढच्याच सीझनपासून त्याच्या नावाची ट्रॉफी सुरू झाली (प्रश्न १८).

२. आमच्याकडे हॉकी म्हणजे मैदानावरची. बर्फावर गोलीला नेमकं काय करावं लागतं?

बॉलऐवजी कडक रबराची चपटी चकती असते, तिला पक म्हणतात. गोल सहा फूट रुंद आणि चार फूट उंच. पक त्यात जाऊ द्यायचा नाही, एवढंच काम. आज गोली अंगावर इतकं सामान चढवतो की गादी गुंडाळून उभा राहिल्यासारखा दिसतो, पण व्हेझिनाच्या काळी यातलं जवळपास काहीच नव्हतं, ते प्रश्न ७ मध्ये येईल.

३. प्रोफेशनल व्हायच्या आधी तो काय करायचा?

बापाची बेकरी होती. आठ भावंडांत हा धाकटा. चौदाव्या वर्षी शाळा सोडली आणि बेकरीत हात लावायला लागला. हॉकी खेळायचा ती रस्त्यावर, पायात स्केट्स न घालता, साध्या बुटांवर. स्केट्स घातले तेच मुळी मिसरूड फुटल्यावर, गावच्या टीममध्ये गेला तेव्हा. आजच्या कॅनडात पोरगं चार वर्षांचं झालं की रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, सोडतात, त्यांना हे ऐकून धक्काच बसतो. पण गोली तसाही एका जागी उभा असायचा, त्यामुळे उशिरा स्केटिंग शिकून त्याचं फार काही अडलं असं वाटत नाही. उलट माझं मत असं की रस्त्यावर घसरायची सोय नसताना खेळल्यामुळेच त्याला दोन पायांवर उभं राहून काठीने पक अडवायची सवय लागली आणि ती शेवटपर्यंत गेली नाही.

४. शिकूटिमी तर कुठल्या कुठे आहे, मॉन्ट्रियलवाल्यांना हा सापडला कसा?

मॉन्ट्रियल कॅनेडियन्स ही टीम डिसेंबर १९०९ मध्ये उभी राहिली, फ्रेंच बोलणाऱ्या खेळाडूंची आणि फ्रेंच पब्लिकची म्हणून. पहिल्याच सीझनमध्ये १७ फेब्रुवारी १९१० ला ते एक फ्रेंडली मॅच खेळायला शिकूटिमीला गेले. हे पैसे घेऊन खेळणारे, समोर गावची हौशी मंडळी, म्हणजे निकाल काय लागणार हे सगळ्यांनी ठरवूनच टाकलेलं. आणि कॅनेडियन्स हरले. समोरच्या गोलीने जे काही अडवलं ते बघून कॅनेडियन्सचा स्वतःचा गोली जोसेफ कॅटरिनिच इतका प्रभावित झाला की यालाच घ्या म्हणून त्यानेच शब्द टाकला, म्हणजे स्वतःची जागा स्वतःच देऊन मोकळा झाला. हा कॅटरिनिच पुढे टीमच्या मालकांपैकी एक झाला, त्याला विसरू नका, ट्रॉफीच्या वेळी परत येतो.

व्हेझिनाने आधी नाही म्हटलं. मग त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भाऊ पिएरबरोबर ट्रायलला आला. भावाला घेतलं नाही, याला घेतलं. ३१ डिसेंबर १९१० ला ऑटवाविरुद्ध पहिली मॅच, ५-३ ने हरले, आणि त्या दिवसापासून पंधरा वर्षं त्या गोलसमोर दुसरा गोली उभा राहिला नाही.

५. पगार किती होता? त्यात भागायचं का?

सुरुवातीला सीझनचे ८०० डॉलर. हॉकी हिवाळ्यापुरती, मग बाकीचे महिने शिकूटिमीला परत. तिथे त्याचा चामडं कमावायचा धंदा होता, टॅनरी. १९१६ ला स्टॅनले कप, म्हणजे या हॉकीतला सगळ्यात मोठा कप, जिंकला तेव्हा प्रत्येक खेळाडूच्या वाट्याला २३८ डॉलर बोनस आला. त्या काळातले बहुतेक खेळाडू असेच, हिवाळ्यात हॉकी आणि उन्हाळ्यात जो काय धंदा असेल तो.

६. त्याला काकडी का म्हणायचे?

शिकूटिमीची काकडी हे त्याचं टोपणनाव, कारण समोर कितीही गोंधळ चालू असो हा गडी थंड. आरडाओरडा नाही, रेफरीशी भांडण नाही. बोलायचाही कमी, इंग्लिश तर जेमतेम. पेपरवाल्यांना दोन शब्दांत ओळख करून द्यायला बरं पडायचं म्हणून चिकटलं ते चिकटलंच.

७. मास्क नव्हता हे माहितीये, पण क्रिकेटचे पॅड घालायचे हे खरं की फेकाफेकी?

खरं आहे, पण ते व्हेझिनाच्या आधीचं. फेब्रुवारी १८९६ मध्ये स्टॅनले कपच्या मॅचला विनिपेग व्हिक्टोरियाजचा गोली जॉर्ज मेरिट पायाला चक्क क्रिकेटचे पॅड बांधून उतरला होता, आणि विनिपेगने समोरच्या मॉन्ट्रियलवाल्यांना एकही गोल करू दिला नाही. तिथून ही पद्धत पसरली. व्हेझिनाच्या काळापर्यंत हॉकीसाठी म्हणून बनवलेले पॅड मिळायला लागले होते, पण आजच्या मानाने अरुंद आणि पातळच, पाणी शोषलं की जड व्हायचे ते वेगळंच. हातात बाकीच्या खेळाडूंसारखेच ग्लव्हज. पक झेलायला वेगळा मोठा ग्लव्ह नाही, दुसऱ्या हातावर फळी नाही. डोक्यावर टोपी, लोकरीची. चेहऱ्यावर काहीही नाही.

मास्कचं म्हणाल तर एनएचएलमध्ये पहिल्यांदा तो क्लिंट बेनेडिक्टने १९३० मध्ये काही मॅचपुरता घातला, आणि रोजचा झाला तो १ नोव्हेंबर १९५९ नंतर, जॅक प्लांटचं तोंड पक लागून फुटलं आणि टाके घालून तो मास्क लावूनच परत आला तेव्हापासून. व्हेझिना जाऊन तोवर ३३ वर्षं झाली होती.

८. गोलीने खाली पडायचं नाही असा नियम होता म्हणे, मग अडवायचे कसे?

होता. पक अडवायला गोलीने बर्फावर लोळण घेतली, गुडघे टेकले, की दंड, दोन डॉलरचा. म्हणजे दोन पायांवर उभं राहूनच जे काय करायचं ते करा. ऑटवाचा क्लिंट बेनेडिक्ट यातून पळवाटा काढायचा, पाय घसरला असं नाटक करून खाली पडायचा, मग लोक त्याला चिडवायचे की हा बघा प्रार्थनेला बसला. शेवटी ९ जानेवारी १९१८ ला, म्हणजे एनएचएल सुरू होऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा, लीगने हात टेकले आणि नियम काढून टाकला.

आता गंमत अशी की नियम गेला तरी व्हेझिना उभाच राहिला. पडायची मुभा मिळाली म्हणून स्टाइल बदलली नाही. काठी बर्फाला लावून, कोन साधून पक बाजूला सारायचा. आजच्या पोरांना त्याची स्टाइल समजावून सांगायची तर दोन्ही गुडघे जमिनीला न लावता एक अख्खी मॅच गोलमध्ये उभं राहून दाखव म्हणावं, लगेच कळेल.

९. अजून काय काय वेगळं होतं तेव्हाच्या खेळात?

बरंच. तो आला त्या सीझनला प्रत्येक टीमचे सात खेळाडू असायचे, सातवा रोव्हर, पाहिजे तिथे फिरणारा. पुढच्याच सीझनला एनएचएने रोव्हर काढून सहा केले. १९१०-११ च्या आधी मॅच दोन भागांत व्हायची, त्या सीझनपासून वीस वीस मिनिटांचे तीन पिरियड.

पण सगळ्यात मोठा फरक पासचा. पुढे पास द्यायला परवानगीच नव्हती. पक घेऊन स्वतः जा नाहीतर मागे किंवा बाजूला दे. १९१८-१९ पासून मधल्या भागात पुढे पास चालायला लागला आणि सगळीकडे चालायला १९२९ उजाडलं. म्हणजे व्हेझिनासमोर येणारा माणूस लांबून दिसायचा, पक कोणाकडे आहे हे कळायचं. हे सोपं वाटतं, पण तोच माणूस पूर्ण वेगात अंगावर यायचा आणि मधे मास्क नाही.

आणि गोलीला पेनल्टी झाली तर त्याने स्वतः जाऊन बसायचं, तोवर गोलसमोर दुसरा कुठलातरी खेळाडू उभा. १९२३ च्या फायनलमध्ये बेनेडिक्ट असाच बाहेर बसला तेव्हा ऑटवाच्या किंग क्लँसीने गोल सांभाळला होता, त्या मॅचमध्ये तो प्रत्येक जागेवर खेळला.

१०. पंधरा वर्षांत एकही मॅच चुकवली नाही हे कसं शक्य आहे? बॅकअप गोली नव्हता का?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, कारण लोकांना व्हेझिनाबद्दल काकडी आणि २२ मुलं (प्रश्न १५) एवढंच आठवतं आणि खरी कमाल ही आहे.

बॅकअप नव्हता. टीम एकच गोली ठेवायची, दुसऱ्याला फुकट पगार कोण देणार. गोलीला लागलं तर मॅच थांबवून टाके घालायचे आणि परत उभा करायचा. आणि अगदीच नाही जमलं तर मिळेल तो. १९२८ च्या फायनलमध्ये न्यूयॉर्क रेंजर्सच्या गोलीच्या डोळ्याला पक लागला तेव्हा त्यांचा ४४ वर्षांचा कोच लेस्टर पॅट्रिक स्वतः पॅड बांधून उतरला होता, आणि जिंकले पण. दोन गोली तयार ठेवायची सक्ती व्हायला १९६० चं दशक उजाडलं.

आता अशा काळात हा माणूस ३१ डिसेंबर १९१० पासून १९२५ पर्यंत लागोपाठ ३२७ लीग मॅच खेळला, वर ३९ प्लेऑफच्या, म्हणजे सीझननंतर कपसाठी होणाऱ्या. चेहरा उघडा, पातळ पॅड, ट्रेनचा प्रवास, गारठलेल्या रिंक. ताप आला असेल, बोट मोडलं असेल, घरी कोणी आजारी असेल, काय वाट्टेल ते झालं असेल, मॅचच्या वेळी गोलसमोर हाच. १९१८-१९ च्या फ्लूच्या साथीत टीममेट मेला (प्रश्न १२), तेव्हाही हा खेळत होता. कप किती जिंकले, कोण भारी, यावर वाद घालता येतो, या आकड्यावर काय घालणार.

११. कुठे ३२७ लिहितात कुठे ३२८, खरं काय?

दोन्ही. एनएचएमध्ये सात सीझनच्या १३८ मॅच, एनएचएलमध्ये पूर्ण खेळलेल्या १८९, बेरीज ३२७. एनएचएलच्या रेकॉर्डमध्ये मात्र १९० दिसतील, कारण शेवटची अर्धवट मॅच (प्रश्न १६) पण मोजतात. ती धरली की ३२८. शाळेच्या प्रोजेक्टमध्ये ३२७ लिहा आणि खाली हे कारण लिहा, टीचर खूश.

१२. स्टॅनले कप किती जिंकला? आणि १९१९ चा कप कोणालाच नाही, ते काय प्रकरण?

फायनलला पाच वेळा पोचला, जिंकला दोनदा. १९१६ ला पोर्टलंड रोजबड्सला ३-२ ने हरवलं, हा कॅनेडियन्सचा पहिला स्टॅनले कप. पाचवी मॅच ३० मार्चला, २-१ अशी सुटली, आणि त्याच रात्री व्हेझिनाला दुसरा मुलगा झाला म्हणून पोराचं नाव ठेवलं मार्सेल स्टॅनले. पुढच्या वर्षी सिएटलकडून हरले आणि कप पहिल्यांदा अमेरिकेत गेला. १९२४ ला परत जिंकले, आधी व्हँकुव्हर आणि मग कॅल्गरीला हरवून, त्या टीममध्ये हाउई मोरेन्झ नवा पोरगा होता, व्हेझिना ३७ वर्षांचा. १९२५ ला व्हिक्टोरियाकडून हरले.

राहिलं १९१९. परत सिएटल, परत तिकडे जाऊन. सिएटलच्या दोन जिंकून झाल्या, मॉन्ट्रियलची एक, आणि चौथी मॅच अशी झाली की तिची आठवण काढावी. एका बाजूला व्हेझिना, दुसऱ्या बाजूला हॅप होम्स, साठ मिनिटं झाली ०-०, जादा वेळातही ०-०, म्हणजे अख्ख्या मॅचमध्ये एक गोल नाही. खेळाडू उभे राहीनात, मॅच बरोबरीत सोडली. पाचवी मॉन्ट्रियलने ओढून काढली, दोन-दोन झालं. आणि निर्णायक मॅचच्या आधी कॅनेडियन्सचे खेळाडू एकामागून एक स्पॅनिश फ्लूने झोपले, मॅच १ एप्रिलला रद्द. डिफेन्समधला जो हॉल ५ एप्रिलला सिएटलमध्येच वारला. मॅनेजर जॉर्ज केनेडी वाचला पण तब्येत परत कधी सुधारली नाही, १९२१ मध्ये तोही गेला. कप कोणालाच दिला नाही.

१३. एनएचएलमधले कुठले पहिले रेकॉर्ड त्याच्या नावावर आहेत?

दोन लक्षात ठेवा. १८ फेब्रुवारी १९१८, टोरोंटोविरुद्ध ९-०, एनएचएलच्या इतिहासातला पहिला शटआउट, म्हणजे एकही गोल खाल्ला नाही. दुसरं, २८ डिसेंबर १९१८, परत टोरोंटोच. व्हेझिनाने पक अडवला, तोच न्यूझी लालोंडने उचलला, सगळी रिंक पार करून गोल केला, आणि स्कोअररने असिस्ट, म्हणजे गोलला मदत केल्याचं श्रेय, व्हेझिनाच्या नावावर लिहिला. एनएचएलमध्ये गोलीला असिस्ट मिळायची ही पहिलीच वेळ. संपूर्ण करिअरमध्ये शटआउट १५ आहेत, त्यातले १३ एनएचएलचे. पंधरा वर्षांत पंधरा म्हणजे कमी वाटतील, पण पुढचा प्रश्न वाचा.

१४. सरासरी मॅचला ३.२८ गोल खाल्ले, मग एवढं कौतुक कशाला? आजचे गोली तर अडीचवर असतात.

हा हिशेब करून लोक मला पकडल्यासारखं मेसेज करतात. अहो, काळ बघा. १० जानेवारी १९२० ला मॉन्ट्रियलची नवी माउंट रॉयल अरेना उघडली, पहिलीच मॅच टोरोंटोशी, आणि कॅनेडियन्स १४-७ ने जिंकले. एका मॅचमध्ये एकवीस गोल, त्यातले सात व्हेझिनाने खाल्ले आणि तरी तो जिंकणारा गोली. त्याच सीझनला मार्चमध्ये कॅनेडियन्सने क्युबेकला १६-३ ने धुतलं. गोल पाऊस पडावा तसे पडायचे. खेळाडू कमी, मुख्य प्लेअर जवळपास अख्खी मॅच बर्फावर, डिफेन्स दमलेला, बर्फ नैसर्गिक त्यामुळे ऊन पडलं की मऊ.

म्हणून त्याच्या काळातल्या बाकीच्या गोलींशी तुलना करा. एनएचएत चार आणि एनएचएलमध्ये तीन अशा एकूण सात सीझनला सगळ्या लीगमध्ये सगळ्यात कमी गोल त्याने खाल्ले. आणि वय वाढलं तसा तो सुधारत गेला, १९२३-२४ ला सरासरी दोनच्या आत आणि १९२४-२५ ला १.८१, तेव्हा वय ३८. किती शॉट अडवले त्याची टक्केवारी तेव्हा कोणी मोजतच नव्हतं, त्यामुळे ती कुठे दिसली तर विश्वास ठेवू नका.

१५. २२ मुलं होती हे खरंय का? आणि तो कप रस्त्यावर विसरल्याचा किस्सा?

मुलं दोन. जाँ-ज्यूल आणि मार्सेल स्टॅनले. लग्न जून १९०८ मध्ये स्टेला मोरँशी. २२ चा आकडा मालक लिओ डँडुरँडने पेपरवाल्यांना सांगितला, ते पण साध्यासुध्या पद्धतीने नाही, नऊ वर्षांत बावीस, त्यात तीन वेळा तिळी! पेपरवाल्यांनी छापलं, लोकांनी वाचलं, व्हेझिना इंग्लिशमध्ये खोडून काढायला येणार नाही हे डँडुरँडला बरोबर माहीत होतं. माणूस तिकीट विकणारा होता, रेसकोर्स चालवणारा होता, त्याला गप्प बसणाऱ्या गोलीची मसालेदार गोष्ट हवी होती. शंभर वर्षांनीही ती फिरतेय, म्हणजे धंदा चांगलाच कळत होता त्याला.

कपचा किस्सा पण डँडुरँडच सांगायचा. १९२४ ला जिंकल्यावर मॉन्ट्रियलमध्ये जंगी कार्यक्रम झाला आणि तिथून डँडुरँड, व्हेझिना, स्प्रेग क्लेगहॉर्न, सिल्व्हिओ मांथा असे काही जण एका गाडीत बसून मालकाच्या घरी पार्टीला निघाले. चढावर टायर पंक्चर. सगळे उतरले, मांडीवरचा कप रस्त्याच्या कडेला ठेवला, टायर बदलला, निघून गेले. घरी पोचल्यावर दारू कशात ओतायची म्हणून कप शोधतात तर कप नाही! परत गेले तर तिथेच कडेला बसलेला. हा किस्सा मला खरा असावासा वाटतो, पण सांगणारा तोच माणूस आहे, तेव्हा तुमचं तुम्ही ठरवा.

१६. शेवटच्या मॅचला नेमकं काय झालं?

२८ नोव्हेंबर १९२५, सीझनची पहिली मॅच, मॉन्ट्रियलच्या माउंट रॉयल अरेनात, समोर पिट्सबर्ग पायरेट्स ही नवी टीम. व्हेझिनाला १०२ डिग्री ताप होता. त्याआधी काही आठवडे वजन उतरत होतं, पण तो बोलणारा नव्हताच आणि कोणी विचारलंही नसावं. पहिला पिरियड पूर्ण खेळला, एकही गोल नाही. मधल्या सुट्टीत ड्रेसिंग रूममध्ये तोंडातून रक्त आलं. तरी दुसऱ्या पिरियडला परत जाऊन गोलसमोर उभा राहिला आणि तिथेच कोसळला. त्याच्या जागी अल्फोन्स लाक्रोआ आला, १९२४ च्या ऑलिंपिकमध्ये सिल्व्हर मेडल मिळवलेला अमेरिकन गोली. त्यामुळे त्या सीझनच्या रेकॉर्डमध्ये व्हेझिनाची ओळ अशी दिसते: मॅच एक, मिनिटं वीस, गोल शून्य.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी टीबी सांगितला. ३ डिसेंबरला तो एकदा ड्रेसिंग रूममध्ये येऊन आपल्या जागेवर बसला, सगळ्यांचा निरोप घेतला, आणि शेवटची फायनल ज्या जर्सीत खेळला ती आठवण म्हणून मागून घेतली. मग शिकूटिमीला गेला. २७ मार्च १९२६ ला तिथल्याच ऑटेल-द्यू हॉस्पिटलमध्ये संपलं.

१७. टीबीच होता ना, मग औषध का नाही दिलं?

नव्हतंच औषध. टीबीवर चालणारं पहिलं अँटिबायोटिक स्ट्रेप्टोमायसिन, ते १९४३ मध्ये सापडलं. १९२५ ला डॉक्टर काय सांगणार, आराम, मोकळी हवा, चांगलं खाणं. आपल्याकडेही त्या काळात क्षयाच्या पेशंटला मिरजेसारख्या कोरड्या हवेच्या ठिकाणी पाठवायचे ते याचसाठी. व्हेझिनाच्या बाबतीत रक्त पडेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला होता.

त्या सीझनला कॅनेडियन्स सात टीममध्ये सातवे आले, आदल्या वर्षी हीच टीम फायनल खेळली होती. एक माणूस गेल्याने एवढं होतं का असं विचारणाऱ्यांना मी हे टेबल दाखवतो.

१८. ट्रॉफी कोणी दिली आणि कोणाला मिळते? जुने नियम वेगळे होते म्हणतात.

डँडुरँड, कॅटरिनिच (हाच तो, प्रश्न ४ मधला) आणि तिसरा भागीदार लेतुर्नो या तीन मालकांनी १९२६-२७ च्या सीझनला लीगला ट्रॉफी दिली. पहिला मानकरी जॉर्ज हेन्सवर्थ, व्हेझिनाच्याच जागी आलेला, त्याने पहिली तिन्ही वर्षं उचलली. १९२८-२९ ला तर ४४ मॅचमध्ये २२ शटआउट.

नियमाचं म्हणाल तर १९८१ पर्यंत सरळ हिशेब होता, ज्या टीमने सीझनमध्ये सगळ्यात कमी गोल खाल्ले तिच्या गोलीला ट्रॉफी. यात चांगल्या डिफेन्समागे उभा असलेला साधा गोलीही जिंकायचा. १९८१-८२ पासून सगळ्या टीमचे जनरल मॅनेजर मत देऊन सर्वोत्तम गोली निवडतात आणि कमी गोलवाल्या हिशेबासाठी जेनिंग्ज ट्रॉफी वेगळी काढली. म्हणून जॅक प्लांटच्या सात आणि डॉमिनिक हाशेकच्या सहा यांची थेट तुलना करू नका, दोघांच्या वेळी नियम वेगळे होते.

१९. खरं सांगा, तोच त्या काळचा बेस्ट होता का?

मला विचाराल तर क्लिंट बेनेडिक्टचा दावा निदान तितकाच भक्कम आहे. कप चार, तीन ऑटवाबरोबर आणि १९२६ चा मॉन्ट्रियलच्याच दुसऱ्या टीमबरोबर, मरून्सबरोबर. पडून अडवायची पद्धत त्याने रुजवली, मास्क त्याने आधी घातला, म्हणजे आजचा गोली जसा खेळतो त्याचा खरा पूर्वज तो. पण हॉल ऑफ फेममध्ये व्हेझिना १९४५ च्या पहिल्याच यादीत आणि बेनेडिक्टला १९६५ पर्यंत थांबावं लागलं. खेळत असताना गेलेल्या माणसाबद्दल लोकांच्या मनात जी जागा होते ती बेनेडिक्टला मिळाली नाही, आणि त्याच्यामागे डँडुरँडसारखा गोष्टी सांगणाराही नव्हता. सातत्य बघायचं तर मात्र व्हेझिनाच, कारण प्रश्न १० मध्ये दिलंय.

२०. कॅनेडियन्सने १ नंबरची जर्सी रिटायर केली ती त्याच्यासाठीच ना?

नाही, इथे भले भले चुकतात. व्हेझिनाचा नंबर १ हे बरोबर, पण कॅनेडियन्सने १९९५ मध्ये १ नंबर रिटायर केला तो जॅक प्लांटच्या नावाने. व्हेझिनानंतर तो नंबर कितीतरी गोलींनी घातला.

२१. मॉन्ट्रियलच्या फोरम या स्टेडियममध्ये तो खेळला होता का? तारखा जुळत नाहीत.

जुळतात. फोरम बांधलं मरून्स या दुसऱ्या टीमसाठी, पण तिथली पहिली मॅच कॅनेडियन्सनेच खेळली, २९ नोव्हेंबर १९२४, टोरोंटोविरुद्ध ७-१, गोलमध्ये व्हेझिना. कारण एवढंच की माउंट रॉयल अरेनाचं नैसर्गिक बर्फ तोवर धड जमलं नव्हतं आणि फोरममध्ये मशीनचं बर्फ तयार होतं.

२२. शिकूटिमीला गेलो तर बघण्यासारखं काय आहे?

शिकूटिमी आता वेगळं शहर राहिलं नाही, २००२ पासून सागने शहराचा भाग आहे. क्युबेक सिटीपासून गाडीने साधारण २०० किलोमीटर उत्तरेला, बराचसा रस्ता जंगलातून, हिवाळ्यात जाणार असाल तर स्नो टायरशिवाय निघू नका आणि पेट्रोल आधीच भरा. तिथलं स्टेडियम त्याच्या नावाचं आहे, सेंटर जॉर्ज-व्हेझिना, आणि ज्युनियर लीगमधली सागनेंस टीम तिथे खेळते. मॅचच्या दिवशीच जा, तिकीट एनएचएलच्या मानाने किरकोळ असतं. फ्रेंच येत नसेल तरी काम भागतं, फक्त बोँझूरने सुरुवात करा.